स्थानिक गावकऱ्यांच्या मदतीने

पावसाळा लागला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. डोंगरावर किंवा धबधब्यावर अमुक इतके पर्यटक अडकले. पोलीस, वनखाते, अग्निशमन दल आणि गिर्यारोहकांच्या बचाव पथकाने स्थानिक गावकऱ्यांच्या मदतीने त्यांची सुखरूप सुटका केली. कधी 'सुखरूप' हा शब्द नसतो, त्याजागी 'मृतदेह बाहेर काढण्यात आला' असे असते. बाकी मजकूर तोच. वाचणारा हळहळतो, "कशाला मरायला जातात पोरं" असे म्हणतो आणि पान उलटतो. आज पान उलटण्याआधी आम्ही वाचकांना जरा थांबवणार आहोत. रात्री-अपरात्री दोर खांद्यावर टाकून निघणारी ही पथकातली माणसे कोण? आणि 'स्थानिक गावकरी' या दोन शब्दांत कोण कोण बसलेले असते?

आधी डोंगरांविषयी. नाशिक जिल्ह्यात साठांहून अधिक किल्ले मोजले जातात. बागलाणातील साल्हेर हा १५६७ मीटर उंचीचा, राज्यातील सर्वांत उंच किल्ला. इगतपुरीच्या हद्दीवर १६४६ मीटरचे कळसूबाई, राज्यातील सर्वोच्च शिखर. हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज, अंकाई-टंकाई ही नावे तर शाळकरी मुलांनाही पाठ. १८१८ साली इंग्रजांनी या मुलखातले किल्ले घेतले तेव्हा कित्येकांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, पुन्हा वर जाऊन कोणी बंड करू नये म्हणून. नगर-नाशिकच्या हद्दीवरच्या अलंग-मदनला आजही दोराशिवाय जाता येत नाही ते त्यामुळे. हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या मात्र शाबूत राहिल्या, आणि मोबाईलच्या पडद्यावर त्यांचीच छायाचित्रे पाहून रविवारी तरुणांचे लोंढे तिकडे लागतात. त्या अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की पुढे काय होत असेल याची कल्पना करावी. मनाईचा हुकूम निघतो, फलकही लागतो. फलकापासून हाकेच्या अंतरावर भाजलेल्या कणसांचा गाडाही लागतो.

नाशिकात गिर्यारोहणाची परंपरा जुनी आहे. एव्हरेस्ट सर करणारे ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांनी १९८६ साली हरिहरचा एक सरळसोट कडा चढला. त्याला तेव्हापासून 'स्कॉटिश कडा' म्हणतात. अशा कड्यांवर हात-पाय घासून तयार झालेल्या स्थानिक मंडळींतूनच पुढे बचाव पथके उभी राहिली. नाशिक क्लाइंबर्स अँड रेस्क्यूअर्स असोसिएशन हे नाव वाचकांनी बातम्यांत वाचले असेल. राज्यभरातील अशा पथकांना एकमेकांशी जोडणारे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर नावाचे स्वयंसेवी केंद्रही आहे. कोठेही अपघात झाला की त्याला सर्वांत जवळचे पथक कोणते, हे तेथून पाहिले जाते.

या पथकांत पगारी माणूस नसतो. कोणी कारखान्यात कामाला, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी नुकताच पदवीधर. फोन येतो तेव्हा कोणी जेवत असतो, कोणी पाळीवर असतो, कोणाच्या घरी पाहुणे असतात. गाडीचे पेट्रोल खिशातले, दुसऱ्या दिवशीचा खाडा स्वतःचा. दोर, हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर ही सामग्री वर्गणीतून आणि देणग्यांतून जमवलेली. एकदा मोठा झटका बसलेला दोर पुन्हा भरवशाचा राहत नाही, तो बाद करावा लागतो. म्हणजे सुटका झाली की टाळ्या लोकांच्या आणि नव्या दोराचा खर्च पथकाचा.

गिर्यारोहण हा पैसेवाल्यांचा छंद, असे आपल्या वस्त्यांत सर्रास समजले जाते. बुटांच्या आणि सॅकच्या किमती पाहिल्या तर हा समज अगदीच खोटा म्हणता येणार नाही. पण अडकणारी सगळीच मंडळी महागड्या बुटांतली नसतात. त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही, आपल्या त्रिरश्मीवर यावे.

शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेली त्रिरश्मी बुद्ध लेणी आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेली आहेत. पायथ्याचे बुद्धविहार, मग पायऱ्यांची वाट आणि वर डोंगराच्या कमरेला ओळीने कोरलेली चोवीस लेणी. बुद्धपौर्णिमेला, रविवारी, सुटीला कुटुंबेच्या कुटुंबे तेथे जातात; म्हातारी माणसे पायऱ्यांवर दम खात खात चढतात, लेकरे पुढे पळतात. लेण्यांपर्यंतच्या वाटेला कसलाच धोका नाही. धोका सुरू होतो तो लेण्यांच्या वर. कॉलेजातली चार मुले येतात, लेणी पाच मिनिटांत बघून संपवतात आणि "चल, माथ्यावर जाऊ" म्हणून मधल्याच एखाद्या घळीतून निघतात. पायांत चप्पल, हातात मोबाईल. वर गवताचा उतार, त्याखाली मुरूम, त्याखाली कातळ. तेथे अडकलेल्या तरुणांना दोराने उतरवल्याच्या बातम्या नाशिककरांनी अनेकदा वाचल्या आहेत.

माणूस अडकतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. चढताना डोळे वर असतात, हाताला खोबण दिसते, पाय मागून येतात. पंधरा-वीस फूट असे सहज चढले जातात. मग पुढे कडा येतो आणि वाट संपते. परत फिरावे तर उतरताना पाय कोठे ठेवायचा हे दिसत नाही, कारण स्वतःचेच पोट मध्ये येते. ज्या खोबणीवरून मघाशी वर आलो ती आता सापडत नाही. खाली पाहिले की गरगरते. पाय थरथरू लागतात, आणि थरथरणारा पाय मुरमावर टिकत नाही. असा मुलगा तळहाताएवढ्या जागेवर तासन्‌तास उभा राहतो. जखम काही नसते, पण तो हलू शकत नाही. अशा वेळी खालून आरडाओरडा करून 'डावीकडे पाय टाक, उजवीकडे टाक' असे सांगणारे हितचिंतकच पुष्कळदा त्याला पाडतात.

पथक आले की ते सहसा खालून त्याच्याकडे जात नाही. दुसऱ्या सुरक्षित वाटेने वळसा घालून त्याच्या डोक्यावरच्या जागी पोहोचते. तेथे भक्कम खडक पाहून किंवा कातळात खिळे ठोकून दोर बांधले जातात. दोर एक नसतो, दोन असतात. एक भार घेण्यासाठी आणि दुसरा पहिला दगा दिलाच तर सांभाळण्यासाठी. त्या दोरावरून एक जण खाली उतरतो. उतरताना सुटलेला दगड अडकलेल्याच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून अगदी नेमका वर न उतरता थोडा बाजूने उतरतो. जवळ गेल्यावर त्याचे पहिले काम दोर बांधण्याचे नसून बोलण्याचे असते. नाव काय, गाव कुठले, पाणी हवे का. घाबरलेला माणूस समोरच्याला मिठी मारतो, आणि त्या मिठीने दोघेही जाऊ शकतात. त्याचा श्वास ताळ्यावर आला की मग हार्नेस, हेल्मेट आणि हळूहळू खाली. बघणाऱ्याला हे काम अर्ध्या तासाचे वाटते. प्रत्यक्षात अंधार पडलेला असतो, पाऊस चालू असतो आणि वर पोहोचायलाच दोन तास गेलेले असतात.

अडकलेल्याला उतरवणे त्यातल्या त्यात सोपे. पडलेल्याला आणणे हे खरे काम. पाठीचा कणा किंवा मान दुखावलेली असेल तर त्याला उठवून बसवायचे नसते, पाठुंगळी घ्यायचे नसते. मानेला पट्टा, अंगाखाली स्ट्रेचर, स्ट्रेचरला अंग घट्ट बांधलेले, अंगावर कोरडे पांघरूण. आमच्याकडच्या पावसातही भिजलेला जखमी माणूस थंडीने मरू शकतो, हे अनेकांना ठाऊक नसते. मग ते स्ट्रेचर उचलायचे. डोंगराच्या वाटेवर एका वेळी सहा ते आठ जण लागतात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी हात बदलावे लागतात. म्हणजे दोन-तीन तासांच्या वाटेला वीस-बावीस धडधाकट माणसे हवीत. शहरातून आलेल्या पथकात असतात आठ-दहा. उरलेली कोठून येतात, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

७ ऑगस्ट २०२२, रविवार. त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर गेलेले वीसहून अधिक पर्यटक पाणी अचानक चढल्याने पलीकडे अडकले. एक जण वाहून गेला. बाकीच्यांना पोलीस, वनखाते, गिर्यारोहक आणि गावकरी यांनी रात्रीच्या अंधारात, पाण्यावरून दोर बांधून एकेक करून अलीकडे आणले. यातील पाण्याचा खेळ नवख्यांना कळत नाही. ज्या ठिकाणी आपण उभे असतो तेथे ऊनसुद्धा असते. पाऊस वर डोंगरमाथ्यावर कोसळत असतो. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी तासाभरात छातीला लागते. दुगारवाडीच्या पाड्यावरचे शेंबडे पोरही हे सांगेल, पण त्याला विचारतो कोण?

आणि तरबेज माणसे सुटतात असेही नाही. २०२० च्या नोव्हेंबरात मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीवरून उतरताना नगरकडील दोन गिर्यारोहक दगावले. तेव्हा पाऊस नव्हता, हुल्लडबाजीही नव्हती. डोंगराला तुमचा अनुभव समजत नाही.

आता जरा जिल्ह्याबाहेरच्या दोन घटना सांगणे भाग आहे, कारण स्वयंसेवी पथकांची खरी कसोटी तेथे लागली. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत कोसळली. तीस जण गेले, एक वाचला. शेकडो फूट खोल दरीतून ते तीस देह वर आणण्यासाठी महाबळेश्वर, महाड, पोलादपूर भागातील गिर्यारोहक दोराने खाली उतरले होते. दुसरी घटना १९ जुलै २०२३ च्या रात्रीची. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी डोंगराखाली गाडली गेली. वाडीला रस्ताच नव्हता. पायथ्यापासून तासा-दीड तासाची निसरडी चढण, वरून धो धो पाऊस. यंत्र वर जाऊ शकत नव्हते, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हते. सुरुवातीला वर पोहोचले ते आजूबाजूचे गावकरी आणि खोपोली परिसरातील डोंगरवेडी पोरे. फावडी, घमेली आणि हात, एवढ्यावर खोदकाम चालले. मदतीसाठी चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक कर्मचारी हृदयविकाराने वाटेतच गेला. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न जण शेवटपर्यंत सापडले नाहीत.

या मृतदेहांविषयी आम्हाला थोडे बोलायचे आहे. पथकांच्या कामाचा मोठा भाग जिवंतांना वाचवण्याचा नसतो, प्रेते आणण्याचा असतो. दरीत चार दिवस पडलेले, फुगलेले, वास मारणारे प्रेत. त्याला ही मुले हात लावतात, बांधतात, खांद्यावर घेतात. कोणाचे आहे, कोणत्या जातीचे आहे, हे विचारत नाहीत. उचलणाऱ्यांत सगळ्या जातींची पोरे असतात. आमच्या वाचकांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. याच महाराष्ट्रात मेलेले ढोर ओढणे, मयताची वर्दी घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळणे, बेवारस प्रेताची विल्हेवाट लावणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे आणि त्याला वाट दाखवणे ही कामे जन्माने एका जातीवर लादलेली होती. मोबदला म्हणून नावाचे वतन आणि शिळे तुकडे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. प्रत्यक्ष वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. तेच प्रेत, तेच ओझे, तीच वाट. पण ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याने उचलले तर ती वेठ, आणि ज्याला 'नाही' म्हणता येते त्याने होऊन उचलले तर ती सेवा. एखाद्या उच्चशिक्षित तरुणाने नोकरीवरून येऊन अनोळखी प्रेताला खांदा द्यावा, हे आमच्या आजोबांना खरे वाटले नसते. म्हणून या पथकांविषयी आम्हाला मनापासून आदर आहे, आणि तो आम्ही हातचा राखून ठेवत नाही.

पण याच मापाने 'स्थानिक गावकरी' मोजावे लागतील.

त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील पाड्यांवर महादेव कोळी, ठाकर, कोकणा, वारली, कातकरी राहतात. रात्री दहाला पाड्यावर जीप येते, पोलीस पाटलाला उठवले जाते, पाटील चार घरांची दारे वाजवतो. माणसे घोंगडी नाहीतर प्लास्टिकचा कागद पांघरून निघतात. पायांत बहुधा काही नसते. वाट तेच दाखवतात, ओढा कोठे ओलांडता येईल ते तेच सांगतात, स्ट्रेचरचा मागचा भार तेच घेतात. सकाळी पर्यटक गाडीत बसून शहराकडे जातो, पथक चहा पिऊन परततो, छायाचित्र छापून येते. गावकऱ्याची त्या दिवसाची भात लावणीची मजुरी बुडालेली असते. लावणी चार दिवसांची असते, ती थांबत नाही. त्याला 'नाही' म्हणता आले असते का? म्हणता आले असते असे कागदावर दिसते. पोलिसाची जीप दारात उभी असताना किती जण म्हणतील, हे वाचकांनीच सांगावे. बहुतेक जण माणुसकीने जातात यात शंका नाही. पण माणुसकीने गेलेल्याला रोजगार द्यायचा नाही, हा कोठला न्याय?

ही माणसे स्ट्रेचर उचलण्यात एवढी तरबेज का, याचेही उत्तर शोधावे. त्यांनी कोठे शिबिर केलेले नसते. पाड्याला रस्ता नसल्याने बाळंतीण, सर्पदंश झालेले पोर, तापाने फणफणलेला म्हातारा यांना बांबूला झोळी बांधून, डोली करून डांबरी सडकेपर्यंत आणण्याची त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. इर्शाळवाडी गाडली गेली त्याच महिन्यात, जुलै २०२३ मध्ये, इगतपुरी तालुक्यातील जुनवणेवाडीच्या एका गर्भवती भगिनीला कळा सुरू असताना रस्त्याअभावी अडीच-तीन किलोमीटर चिखलातून चालावे लागले. ती वाचली नाही. तिच्यासाठी कोणाचा फोन वाजला नाही, दोर निघाला नाही, कोणत्या केंद्राने जवळचे पथक शोधले नाही. यात पथकांचा दोष काढण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. रस्ता बांधणे हे त्यांचे काम नव्हे. आम्ही फक्त दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवत आहोत. मौज म्हणून डोंगर चढलेल्याला आणायला पाड्यावरचा माणूस रात्री उठतो, आणि त्याच्या घरातली बाई दिवसाढवळ्या वाटेवर मरते.

त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. वंदना करून घाईने खाली उतरणाऱ्या आमच्या बांधवांनी तेथे दोन मिनिटे थांबून तो पाहावा. या लेण्याचे आणि पाण्याच्या टाक्यांचे दान त्याने केले, हे तर त्यात आहेच. शिवाय दमण, तापी, दाहनुका अशा नद्यांवर त्याने प्रवाशांसाठी फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्या, असा हिशेब कोरलेला आहे. (ब्राह्मणांना दिलेल्या लाखो गाईंचाही हिशेब त्यातच आहे, तो विषय इतिहासकारांवर सोडू.) वाटसरूला नदी सुखाने ओलांडता यावी ही राज्यकर्त्याने दगडावर कोरून ठेवण्याजोगी गोष्ट मानली जात होती. आमच्या पाड्यांच्या ओढ्यांवर अजून साकव व्हायचे आहेत.

मग करावे काय? अडकलेल्या पर्यटकाकडून सगळा खर्च वसूल करा, असे काही जण सुचवतात. रागाच्या भरात ते पटते. पण बिलाच्या धास्तीने लोक फोन करायला उशीर करतील, संध्याकाळी चारला करायचा फोन रात्री नऊला येईल आणि जिवंत आणायचा माणूस मेलेला आणावा लागेल. इंग्लंडात डोंगरी बचावाचे काम आजही स्वयंसेवी पथकेच करतात, पोलिसांमार्फत त्यांना निरोप जातो आणि सुटका झालेल्याला पैसे मागितले जात नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरच्या बचावाचा खर्च विम्यातून आणि वर्गणीतून निघतो. आपल्याकडे दंड हवा तो मनाईचा हुकूम मोडल्याबद्दल, मदत मागितल्याबद्दल नको.

आमची मागणी दुसरीच आहे. केंद्र सरकारच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा यांची तरतूद केलेली आहे. डोंगराळ तालुक्यांतील पाड्यांवरची तरुण मुले-मुली त्यात प्राधान्याने घ्यावीत. बचावाला बोलावलेल्या प्रत्येक गावकऱ्याचे नाव त्याच रात्री नोंदवहीत लिहावे, त्याला त्या दिवसाची मजुरी मिळावी, आणि काही बरेवाईट झालेच तर शहरातल्या स्वयंसेवकाला जी भरपाई मिळेल तीच त्याच्या घरच्यांना मिळावी. बातमीत त्याचे नाव यावे. आणि जो दोर पर्यटकासाठी निघतो तो पाड्यावरच्या बाळंतिणीसाठीही निघावा, यासाठी पथकांचे क्रमांक आशाताईंकडे आणि आरोग्य उपकेंद्रात लावलेले असावेत. पथकांतील मंडळींना हे सांगितले तर ती नाही म्हणणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.

आता आमच्या माता-भगिनींसाठी थोडे, कारण घरातून निघणारी पोरे आधी त्यांनाच सांगून निघतात, किंवा न सांगता निघतात. कोठे जाणार, कोणाबरोबर, कोणत्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत परत, हे एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे. नुसते 'फिरायला' हे उत्तर चालवून घेऊ नये. पिशवीत पाणी, गूळ-शेंगदाणे, बॅटरी, शिट्टी आणि एक सुका कपडा असावा. चप्पल घालून डोंगरावर जाऊ देऊ नये. लेण्यांत आणि किल्ल्यांवर आग्या माशांची मोहोळे असतात. तेथे धूर, फटाके, दगड मारणे आणि अंगावर उग्र अत्तर, हे सगळे टाळावे. अगरबत्ती लावायची तर मोहोळ नाही हे वर मान करून पाहूनच लावावी.

अडकलाच कोणी, तर ११२ वर पोलिसांना आणि जखमी असेल तर १०८ वर रुग्णवाहिकेला कळवावे. कोठे आहोत, किती जण आहोत, कोणाला काय झाले आहे, एवढे तीन मुद्दे आधी सांगावेत, रडणे नंतर. मोबाईलवरून ठिकाण पाठवावे आणि मग छायाचित्रे काढत न बसता बॅटरी राखावी. जागा सोडू नये. शोधणाऱ्याला सर्वांत जास्त त्रास देतो तो दर तासाला जागा बदलणारा माणूस. अंधारात बॅटरीचे किंवा शिट्टीचे मिनिटाला सहा इशारे द्यावेत, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. जगभरच्या डोंगरांत याचा अर्थ 'मदत हवी' असाच होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. उंचावरून पडलेल्याला पथक येईपर्यंत शक्यतो हलवू नये, फक्त पांघरूण घालावे आणि त्याच्याशी बोलत राहावे.

आपल्या मुलांनी, आणि मुलींनीही, या पथकांत जावे असे आम्हाला वाटते. त्यासाठी कडा चढता आलाच पाहिजे असे नाही. फोन घेणारा, गाडी चालवणारा, प्रथमोपचार जाणणारा, नातेवाइकांना धीर देणारा, असे सगळेच लागतात. सुरुवात विहारातून करता येईल. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपण दर रविवारी जमतोच. वंदना आणि ग्रंथवाचन आटोपल्यावर तासभर एखाद्या डॉक्टरांना किंवा पथकातील कार्यकर्त्यांना बोलवावे. डोलीचे स्ट्रेचर बांधायला तर कोणी बाहेरचे लागतही नाही. दोन मजबूत बांबू आणि एक जाड चादर घ्यावी. चादर जमिनीवर पसरावी, एका बाजूने तिसऱ्या हिश्शावर पहिला बांबू ठेवून ती बाजू त्यावरून आत दुमडावी, त्या दुमडलेल्या भागावर दुसरा बांबू हातभर अंतराने ठेवावा आणि उरलेली चादर त्यावरून फिरवून घ्यावी. गाठ मारावी लागत नाही, झोपलेल्याच्या वजनानेच घडी धरून राहते. सराव करताना मात्र हडकुळ्या पोराला झोपवू नये, वस्तीतल्या सर्वांत वजनदार काकांना झोपवावे आणि विहाराभोवती दोन फेऱ्या माराव्यात. चादर कोठे सुटते आणि खांदा कोठे भरून येतो, ते तेव्हाच कळते.